समुद्राच्या पाण्यातील चिवट विषांचे मोजमाप

डीडीटीचे कीटकनाशक गुण स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये शोधून काढले व त्याबद्दल 1948 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाविरुद्धच्या मोहिमेत या द्रव्याने बजावलेली कामगिरी मोठी आहे. परंतु ज्या टिकाऊपणामुळे ते घराच्या भिंतीवर महिनोन्‌महिने प्रभावी राहिले, तोच त्याचा दोष ठरला. डीडीटी, एन्डोसल्फान, विद्युत रोहित्रांच्या तेलातील पीसीबी अशा द्रव्यांना चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषके म्हणतात. (येथील ‘सेंद्रिय’ शब्दाचा शेणखताशी संबंध नाही, कार्बनयुक्त एवढाच त्याचा अर्थ.) ती पाण्यापेक्षा चरबीत अधिक विरघळतात आणि नद्यांतून व वाऱ्यावाटे अखेर समुद्रास मिळतात. अशा 12 द्रव्यांवर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये स्टॉकहोम येथे झाला. भारताने त्यास 2006 मध्ये मान्यता दिली आणि 2011 मध्ये त्यात एन्डोसल्फानची भर पडली.

निर्बंधांचा परिणाम झाला की नाही, हे मोजल्यावाचून कळत नाही. आणि मोजणे हेच येथे कठीण आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची क्षमता सुमारे 105 अब्ज घनफूट आहे. त्या तुडुंब जलाशयात केवळ 3 ग्रॅम द्रव्य सर्वत्र सारखे मिसळले, तर लिटरमागे एक पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या भागाएवढे प्रमाण येते. खुल्या समुद्रात ही द्रव्ये बहुधा अशाच मापात आढळतात. म्हणून बाटलीभर पाणी पुरत नाही. शेकडो लिटर पाणी प्रथम काचतंतूंच्या गाळणीतून व नंतर विशिष्ट राळेच्या स्तंभातून पंपाने सोडतात. राळेत अडकलेली द्रव्ये द्रावकाने सोडवून वायू वर्णलेखन यंत्राने वेगळी केली जातात व मोजली जातात.

खरी अडचण मात्र यंत्राची नसून स्वच्छतेची आहे. जहाजाचा रंग, इंजिनाचा धूर, वंगण, प्लॅस्टिकची नळी, यांपैकी कशातूनही समुद्रातल्यापेक्षा अधिक प्रदूषक नमुन्यात शिरू शकते. यास्तव प्रत्येक फेरीत एक ‘कोरा’ नमुना, ज्यात समुद्राचे पाणी नाही पण बाकी सर्व सोपस्कार तेच आहेत, असा तपासावा लागतो. कोऱ्या नमुन्यातही तेवढेच प्रदूषक निघाले, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

अहवालातील ‘आढळले नाही’ हा शेराही जपून वाचावयास हवा. ‘मोजता येईल इतके नव्हते’ एवढेच तो सांगतो. 1 लिटर पाणी तपासून दिलेला हा शेरा आणि 500 लिटर तपासून दिलेला शेरा यांचे मोल एक नव्हे. किती पाणी घेतले व मापनाची किमान मर्यादा कोणती, हे अहवालात नसेल तर ते विचारून घ्यावे.

पाणी एका क्षणाचेच चित्र देते. म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 मध्ये शिंपल्यांवर पाळत ठेवण्याची कल्पना मांडली. खडकाला चिकटून राहणारे शिणाणे सतत पाणी गाळतात. त्यांच्या शरीरात ही द्रव्ये पाण्याच्या हजारो पट साठतात व मोजणे सुकर होते. कोकणच्या किनाऱ्यावर शिणाणे व कालवे घरोघर खाल्ली जात असल्याने हा आकडा पाण्यातील आकड्यापेक्षा लोकांच्या अधिक निकटचा आहे.

मोजमापातून प्रदूषणाचे वयही कळते. डीडीटीचे कालांतराने डीडीई या द्रव्यात रूपांतर होते. नमुन्यात डीडीई बरेच अधिक असेल तर अवशेष जुने समजावेत. मूळ डीडीटीच अधिक असेल, तर ते अलीकडेच आले असण्याचा संभव असतो. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर 1989 मध्येच बंद करण्यात आला असल्याने असा नमुना मिळाल्यास ते कोठून आले याचा शोध नदीच्या वरच्या अंगाला घ्यावा लागतो.