एक्सेल सुरुवातीचे शून्य का खाते? ते टिकवायचे कसे?

कांद्याचा एचएसएन कोड आहे ०७०३. एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये तो टाइप करून एंटर दाबा, उरतात फक्त ७०३. द्राक्षांच्या ०८०६ चे ८०६ होतात, मुंबईच्या ०२२ या एसटीडी कोडचे २२. एसटीडी कोडचे एक वेळ चालून जाईल. पण काही बँकांचे खाते क्रमांकही शून्याने सुरू होतात. बचत गटाच्या किंवा सोसायटीच्या यादीत ते शून्य उडाले, तर पैसे खात्यावर जमा होण्याऐवजी परत येऊ शकतात. यादी करणारा शपथेवर सांगतो की क्रमांक बरोबर टाकला होता, आणि ते खरेही असते.

एक्सेल असे का करते? सेलमध्ये नुसते अंक दिसले की ते त्याला संख्या समजते. संख्या म्हणून ०७०३ आणि ७०३ यांची किंमत एकच, त्यामुळे पुढचे शून्य साठवलेच जात नाही. खाते क्रमांक, एचएसएन किंवा हजेरीपटाचा कोड ही मात्र संख्या नसून ओळख आहे. ज्याची कधी बेरीज करणार नाही, तो मजकूर म्हणून साठवायचा, एवढे ओळखता आले तरी पुरे.

सोपा उपाय असा : टाइप करण्याआधी अख्खा कॉलम निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, यादीतून ‘टेक्स्ट’ निवडा. यात ‘आधी’ महत्त्वाचे. शून्य गेल्यावर टेक्स्ट केले तर ते परत येत नाही. एक-दोनच नोंदी असतील तर अंकांच्या आधी एक अवतरण चिन्ह (') द्या. ते सेलमध्ये दिसत नाही, शून्य मात्र राहते. मोबाइलवर गुगल शीट्समध्येही ही युक्ती चालते.

यानंतर एक्सेलमध्ये सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल. ‘संख्या मजकूर म्हणून साठवली आहे’ अशी ती तक्रार असते. तिथला ‘कन्व्हर्ट टू नंबर’ हा पर्याय निवडलात की केलेले सगळे पाण्यात. ‘इग्नोर एरर’ निवडा.

‘कस्टम’मध्ये ०००० असा फॉरमॅट देण्याचा सल्लाही अनेक जण देतात. त्याने शून्य दिसते, पण आत संख्या ७०३ च असते. दुसऱ्या शीटमध्ये कोड मजकूर म्हणून असेल तर व्हीलुकअपला दोन्ही जुळत नाहीत, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असल्याने चूक शोधण्यात दुपार जाते.

सर्वात जास्त घात होतो तो सीएसव्ही फाइलमध्ये. पोर्टलवरून उतरवलेल्या फाइलमध्ये शून्य असते. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली की गेले. त्याऐवजी कोरे एक्सेल उघडून ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल आत घ्या आणि तो कॉलम टेक्स्ट करा. गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचे संख्येत रूपांतर करण्याच्या पर्यायावरची खूण काढा.

लांब क्रमांकांची आणखी एक गंमत. एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक ठेवते. १६ अंकी कार्ड क्रमांक संख्या म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो. म्हणजे पुढचे शून्य खायचे आणि मागे नवे लावायचे!

या स्वयंचलित बदलांचा त्रास शास्त्रज्ञांनाही झाला. काही जनुकांची नावे एक्सेल तारखा समजत असे, म्हणून २०२० मध्ये ती नावेच बदलली गेली. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये हे रूपांतर बंद करण्याची सोय दिली. नव्या आवृत्तीत ‘ऑप्शन्स’मधील ‘डेटा’त ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ पाहा, सुरुवातीचे शून्य काढण्याची खूण तिथे काढता येते.

आधीच उडालेले शून्य? कोडची लांबी ठरलेली असेल तर टेक्स्ट फंक्शनने भरून काढता येते. एचएसएन २, ४, ६ किंवा ८ अंकीच असतो, म्हणून ३, ५ किंवा ७ अंक दिसले की समजावे, पुढचे शून्य गेले. वेगवेगळ्या बँकांच्या खाते क्रमांकांची लांबी मात्र वेगवेगळी. तिथे अंदाजाने शून्य जोडू नका, पासबुक समोर घेऊन एकेक क्रमांक ताडून पाहा.