इंजिनाची अडकलेली पुली आणि मोडलेला बोल्ट

मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्यातील स्थानक. भीमेवरील उजनी जलाशयाचे फुगवट्याचे पाणी येथून फार दूर नाही. उन्हाळ्यात हे पाणी जसजसे ओसरते, तसतसा काठचा शेतकरी नळ वाढवीत पाण्यामागे जातो. आणि विजेचा भरवसा नसेल तेथे जुने डिझेल इंजिन पुन्हा कामास लावतो. ऐन चैत्रात असे एक इंजिन बंद पडले, तेव्हा प्रस्तुत लेखक कारागिरांच्या शब्दांची टिपणे घेण्यासाठी तेथे गेला होता. पुलीमागील ऑइल सील गळत होते. ते बदलण्यासाठी पुली काढणे आवश्यक होते. ती काढताना पुलरचा एक बोल्ट तुंब्यातच मोडला. शेतात ऊस उभा होता व पाण्याची पाळी चुकली होती.

मालक म्हणाला, ‘पुली धरलीय.’ मिस्त्रीने क्षणभर पाहिले व उत्तर दिले, ‘धरली न्हाई मालक, अडकलीय.’ वरवर पाहता हे दोन शब्द समानार्थी वाटतात. मिस्त्रीच्या बोलीत मात्र ती दोन भिन्न निदाने होती. धरली म्हणजे गंजाने धरली. तिला तेल, उष्णता व सबुरी हवी. अडकली म्हणजे एखादी वस्तू तिला रोखून आहे. ती वस्तू शोधल्यावाचून कितीही जोर लावला तरी व्यर्थ. पुढील सर्व विवेचन या भेदावरच उभे आहे.

पुली दांड्यावर सहसा चावीने बसवितात. दांड्यात व तुंब्यात समोरासमोर खाच असते आणि त्या खाचेत निमुळता पोलादी तुकडा ठोकलेला असतो. (चावी हा शब्द पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आला, हे सुपरिचित आहे, मिस्त्री या शब्दाचे मूळही पोर्तुगीजच. ‘तुंबा’ मात्र बैलगाडीच्या चाकाचा, म्हणजे घरचा.) चावीला डोके असल्यास डोके व तुंबा यांच्यामध्ये पाचर ठोकून ती प्रथम काढावी. याशिवाय अनेक पुल्यांच्या तुंब्यात बिनडोक्याचा एक लहान स्क्रू आडवा बसविलेला असतो. तो वर्षानुवर्षांच्या रंगाखाली व काजळीखाली दिसेनासा होतो. जेऊरच्या पुलीत नेमके हेच घडले होते: चावी निघाली होती, परंतु स्क्रूकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

आता बोल्ट का मोडला ते पाहू. पुलरची रचना साधी असते. दोन बोल्ट तुंब्यातील आट्यांत बसतात आणि मधला मोठा स्क्रू दांड्याच्या टोकावर रेटतो. मधला स्क्रू १६ मिलिमीटरचा आहे आणि ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्यावर २५ किलोचा जोर दिला, असे धरू. एवढ्याने स्क्रूच्या टोकाशी सुमारे ३ टनांचा रेटा उत्पन्न होतो. दोन्ही बोल्ट सारखे ताणले असतील तर प्रत्येकावर दीड टन येतो. ८ मिलिमीटरच्या बोल्टचे आट्यांतील क्षेत्र सुमारे ३६ चौरस मिलिमीटर. म्हणजे ताण चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटनांहून अधिक झाला. डोक्यावर ‘४.६’ असे अंक असलेल्या बोल्टची अखेरची मर्यादा ४०० हीच आहे, ‘८.८’ची ८००. बाजारात दोन्ही बोल्ट शेजारी शेजारी पडलेले असतात आणि रंगही सारखाच असू शकतो. डोक्यावरील अंक वाचणे एवढाच उपाय. त्यातून पुलर तिरका बसला तर सारा भार एकाच बोल्टवर जातो. बोल्ट तुंब्यात दोनतीन फेरेच गेला असेल तर बिडाचे आटे उपटून येतात. म्हणून तो व्यासाच्या निदान दीडपट आत गेला पाहिजे.

मोडलेला तुकडा थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करावे. त्या उष्णतेने तुकडाही सैल होतो आणि पान्ह्याला पकडही मिळते. तो पृष्ठभागाच्या आत मोडला असल्यास बरोबर मध्यावर ठोक्याने खूण करून छिद्र पाडावे. तुकडा काढण्याचे उलट्या आट्यांचे हत्यार मिळते, पण ते जपून वापरावे. ते अतिशय कठीण व ठिसूळ असते आणि आत मोडले तर त्याला साधे ड्रिल लागत नाही. जेऊरच्या मिस्त्रीने हा धोका पत्करला नाही. त्याने ८.५ मिलिमीटरचे छिद्र पाडून जुना तुकडा समूळ खाऊन टाकला आणि त्यात १० मिलिमीटरचे आटे पाडले. दुसऱ्या बाजूसही तसेच केले व दोन्हीकडे ८.८ चे बोल्ट बसविले.

त्यानंतर स्क्रू सापडला, निघाला. तरीही पुली हलली नाही. म्हणजे ती अडकली होती तशी थोडी धरलीही होती. येथे मालकाच्या शब्दालाही न्याय मिळाला. आता उष्णतेची पाळी आली. ५० मिलिमीटरच्या छिद्राचा बिडाचा तुंबा दांड्यापेक्षा १५० अंशांनी अधिक तापला तर छिद्र सुमारे ०.०८ मिलिमीटरने, म्हणजे माणसाच्या केसाएवढे, मोठे होते. गाडीच्या चाकावर धाव चढविणारा सुतार याच तत्त्वावर चालतो. मात्र धावेवर तो लगेच पाणी ओततो, तसे येथे कदापि करू नये; तापलेले बीड पाण्याने तडकते. आदल्या रात्री गंजावर सोडलेले रॉकेल व तेल ज्योत पेटविण्यापूर्वी पुसून काढावे, डिझेलची टाकी दूर न्यावी. ज्योत तुंब्याभोवती फिरती ठेवावी, दांड्यावर धरू नये. मागचे रबरी सील जळेल ही भीती असते. येथे ते बदलावयाचेच होते, त्यामुळे चिंता नव्हती.

पुलर ताणून ठेवावा आणि मधल्या स्क्रूच्या डोक्यावर बेताचा ठोका द्यावा. पुलीच्या कडेवर किंवा आऱ्यांवर घण घालणे हा सर्वांत महागडा मार्ग होय, कारण बीड वाकत नाही, फुटते. ताणलेल्या पुलरच्या रेषेत समोर कोणीही उभे राहू नये. सुटलेली पुली वा तुटलेला बोल्ट थेट अंगावर येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. मिस्त्रीने प्रथम बघ्यांना बाजूला सारले आणि मगच पान्ह्याला हात घातला.

तिसऱ्या ठोक्याला ‘टण्ण’ असा आवाज झाला व पुली बोटभर पुढे सरकली. मालक मोटारसायकलवरून नवे सील आणावयास निघून गेला. मिस्त्रीने काढलेला स्क्रू चिंधीने पुसला, त्याचे आटे पाहिले आणि पुन्हा बसविताना तो विसरू नये म्हणून तुंब्याशेजारी खडूने एक फुली मारली. त्या फुलीला तो ‘निशाणी’ म्हणत नाही, ‘ओळख’ म्हणतो. टिपणवहीत तो शब्द नोंदला आहे.