पर्यावरण शिकून पुढे काय?

दसरा-दिवाळी आली की आमच्या बेलापूरच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपनाच्या निमंत्रणपत्रिका घरोघर येऊ लागतात. प्रवरेच्या काठचा हा सारा मुलूख उसाचा. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला. तेव्हापासून इथल्या शिकलेल्या मुलाने नोकरी शोधायची म्हणजे आधी धुराड्याकडे पाहायचे, अशी रीतच पडली आहे.

शेजारच्या गृहस्थांची मुलगी पर्यावरणशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली. मी मराठीचा मास्तर, तेव्हा अर्ज लिहिण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. वडील काळजीने म्हणाले, "सर, झाडे लावायला पगार कोण देतो हो?"

प्रश्न भाबडा असला तरी पुष्कळ घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की हा पगार झाडांनी नव्हे, कायद्याने निर्माण केला. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. १९७४ साली केंद्राचा जलकायदा आला. १९८४ साली भोपाळला विषारी वायूने हाहाकार केला आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. आता सांडपाणी तपासल्यावाचून कारखान्याला गत्यंतर नाही, आणि तपासायचे तर माणूस हवाच! कारखान्याचे शुद्धीकरण केंद्र, खाजगी प्रयोगशाळा, सल्लागारांच्या कचेऱ्या, खुद्द मंडळ, अशी चार दारे त्यामुळे उघडली आहेत.

पहिले काम मात्र बाटल्या धुण्यापासून सुरू होते. पाण्यातली घाण कुजवायला सूक्ष्मजीवांना किती प्राणवायू लागतो, हे मोजायचे असते. त्यासाठी नमुना २७ अंश उष्णतेवर ३ दिवस अंधारात ठेवतात. साखर कारखान्याचे पाणी नदीनाल्यात सोडायचे तर हा आकडा लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, जमिनीवर सोडायचे तर १०० च्या आत. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्यात तोच आकडा ४०-५० हजारांच्या घरात असतो. यावरून कामाची कल्पना यावी.

मुलाखतीत तिला पदवीबद्दल फारसे विचारलेच नाही. साहेबांनी एवढेच विचारले, "३० च्या जागी ४५ आला, तर रजिस्टरात काय लिहाल?"

ती म्हणाली, "४५ च लिहीन. आणि लिहिण्याआधी तुम्हाला फोन करीन, म्हणजे पाणी सोडणे थांबवता येईल."

नोकरी मिळाली, हंगामापुरती, तुटपुंज्या पगाराची. वडिलांना आता निराळीच धास्ती वाटते: उद्या कोणी दडपण आणले तर पोरगी काय करील? ही धास्ती खोटी नाही. हंगामी माणसाची नोकरी एका शब्दावर जाऊ शकते. पण त्याच्या सहीवर खालच्या गावांच्या विहिरी अवलंबून असतात.

म्हणून पालकांना माझे सांगणे इतकेच, की मुलाला या वाटेने जाऊ द्या. शिकतानाच एखाद्या हंगामात प्रयोगशाळेत उमेदवारी करायला लावा. हाताला सवय होईल. आणि पहिला पगार लहान म्हणून नाक मुरडू नका. खरा आकडा लिहिणाऱ्याला घरचा आधार पगाराहून अधिक लागतो.