लिनक्सची तटबंदी जागी आहे का?

‘आपण लिनक्स वापरतो, तेव्हा सुरक्षेची चिंता नाही,’ असे म्हणणारे संगणकप्रेमी अनेक भेटतात. या विश्वासात तथ्य आहेच. परंतु त्याच्या आडोशाने एक गैरसमजही रुजला आहे. लिनक्समध्ये फायरवॉल असते, म्हणजे ती चालूही असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात उबुंटू आणि लिनक्स मिंट या लोकप्रिय आवृत्त्यांत ती बसवलेली असते, पण बंद अवस्थेत. चालू करण्याचे काम वापरणाऱ्यावर सोडलेले असते.

याचे कारण समजून घ्यायला हवे. नेटवर्कवरून येणारे-जाणारे प्रत्येक माहितीचे पाकीट तपासण्याची यंत्रणा लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये असते. ‘नेटफिल्टर’ नावाची ही यंत्रणा २००१ साली आलेल्या २.४ या आवृत्तीपासून तेथे आहे. मात्र कोणाला अडवावे याचे नियम दिलेच नाहीत, तर हा पहारेकरी सर्वांना आत सोडतो. नियम देणे सोपे व्हावे म्हणून उबुंटूने २००८ साली ८.०४ या आवृत्तीत ‘यूएफडब्ल्यू’ हे साधन आणले. फेडोरामध्ये १८व्या आवृत्तीपासून ‘फायरवॉलडी’ हे काम करते, आणि ते सुरुवातीपासून चालू असते.

घरात राउटर असताना याची गरज काय, असा प्रश्न पडेल. राउटर बाहेरून आपणहून येणारी बहुतेक जोडणी अडवतो, हे खरे. पण तोच लॅपटॉप रेल्वे स्थानकावरील किंवा हॉटेलातील वाय-फायला जोडला, की शेजारी अनोळखी संगणक असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्सच्या ‘कप्स’ या छपाई व्यवस्थेतील गंभीर त्रुटी उघड झाल्या. तिचा ‘कप्स-ब्राउज्ड’ हा घटक ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कोणाचाही संदेश स्वीकारत होता. त्या वाटेने बनावट प्रिंटर घुसवता येई आणि त्यावर छपाईची आज्ञा जाताच हल्लेखोराची आज्ञावली चालवता येई. येणारी जोडणी अडवणारी फायरवॉल चालू असती, तर नेटवर्कवरून येणारा तो संदेश दारातच थांबला असता.

आता तपासणीकडे वळू. उबुंटू किंवा मिंटमध्ये टर्मिनल उघडावे आणि रोमन लिपीतील छोट्या अक्षरांत ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’ ही आज्ञा टंकावी. पहिला शब्द एस, यू, डी, ओ असा लिहायचा. मग पासवर्ड मागितला जाईल. तो टंकताना पडद्यावर टंकलेली अक्षरे दिसत नाहीत, त्यामुळे गोंधळू नये. उत्तरात ‘इनॅक्टिव्ह’ दिसले तर फायरवॉल बंद, ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसले तर चालू. याच आज्ञेपुढे ‘व्हर्बोज’ हा शब्द जोडल्यास येणारी जोडणी अडवली जाते की नाही, हेही कळते. फेडोरामध्ये ‘सुडो फायरवॉल-सीएमडी --स्टेट’ अशी आज्ञा द्यावी. ‘रनिंग’ हे उत्तर आले की समाधान मानावे.

येथे एक फसगत होते. काही जण यूएफडब्ल्यूची स्थिती ‘सिस्टमसीटीएल स्टेटस यूएफडब्ल्यू’ या आज्ञेने पाहतात आणि हिरव्या अक्षरांतील ‘अ‍ॅक्टिव्ह’ वाचून निर्धास्त होतात. परंतु ही आज्ञा संगणक सुरू होताना ती सेवा हाक मारल्यावर उठली होती की नाही, एवढेच सांगते. फायरवॉल बंद ठेवलेली असली, तरी उत्तर तेच येते. म्हणून यूएफडब्ल्यूची खबर यूएफडब्ल्यूलाच विचारावी.

ती बंद आढळल्यास ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ ही आज्ञा पुरते. संगणक पुन्हा सुरू केल्यावरही ती चालू राहते. टर्मिनलचा कंटाळा असेल, तर मिंटमध्ये आधीपासून असलेला आणि उबुंटूत बसवता येणारा ‘जीयूएफडब्ल्यू’ हा प्रोग्राम एका बटणावर हेच काम करतो. महाजालावरील भटकंती, ई-मेल यांत काही फरक पडत नाही, कारण बाहेर जाणारी जोडणी खुलीच असते. मात्र घरातील दुसऱ्या संगणकाला फायली देत असाल, तर त्यापुरती परवानगी द्यावी लागेल. संगणकावर दुरून एसएसएचने काम करणाऱ्यांनी आधी ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच’ असा नियम द्यावा आणि मगच फायरवॉल चालू करावी. अन्यथा स्वतःच दाराबाहेर राहण्याची पाळी येईल.

फायरवॉल म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. फसव्या ई-मेलमधील दुवा आपणच उघडला, तर ती काही करू शकत नाही. नियमित अद्ययावतीकरणालाही ती पर्याय ठरत नाही. तरीही पहारेकरी नेमलेला असताना तो झोपला आहे की जागा, हे पाहायला एक मिनिटही लागत नाही. पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन घराबाहेर पडण्यापूर्वी तेवढे एक मिनिट अवश्य द्यावे.