सुगरणीचे घर कोण बांधतो ?

शेताच्या बांधावर जन्म काढलेल्या मनुष्यास पाखरांची ओळख ती काय सांगावयाची, असे आपण समजतो. परंतु रोज दृष्टीस पडणे निराळे आणि लक्षपूर्वक पाहणे निराळे.

सुगरणीचेच उदाहरण घ्या. गृहकृत्यात निपुण अशा स्त्रीचे नाव आपण ह्या पाखरास दिले. अर्थात खोपा मादीच विणते असे गृहीत धरले. इ. स. १९३० मध्ये सालिम अली ह्यांनी अलिबागनजीकच्या किहीम गावी ह्या पाखरांचे चिकाटीने निरीक्षण केले आणि १९३१ साली ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. विणकर तो नर. खोपा अर्धा झाला म्हणजे माद्या येऊन पाहणी करितात. एखादीस पसंत पडला तर नर तो पुरा करितो, आणि लगेच दुसरीसाठी नवा खोपा आरंभितो. अंडी उबविणे मात्र मादीकडे.

गेल्या श्रावणात कुरुळीहून आम्ही चौघे शेतकरी किहीमास गेलो होतो. पाहावे, आणि ऐकलेले मोबाईलवर टिपून आणावे, हा हेतू. पहिल्या दिवशीचे ध्वनिमुद्रण वाया गेले. त्यात समुद्रावरचा वारा आणि आमचेच बोलणे तेवढे उतरले. दुसऱ्या दिवशी पहाटे वाऱ्याकडे पाठ करून, माडाच्या आडोशास निःशब्द उभे राहिलो. मादी येताच सारे नर खोप्यांस लोंबकळून पंख फडफडवीत चिटचिटू लागले आणि शेवटी सर्वांनी मिळून लांब सूर धरिला. तो स्पष्ट उतरला. मग त्याखालीच तारीख, वेळ, स्थळ व पाखरू काय करीत होते हे बोलून ठेविले. ह्या नोंदीवाचून आवाज निरुपयोगी होय. टिपलेला आवाज खोप्याजवळ पुन्हा वाजवू नये, पाखरे बिथरतात.

पक्ष्याचा आवाज टिपण्याची कला नवी नाही. १८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख ह्या बालकाने मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातील शामा पक्ष्याचे गाणे उतरविले. हा शामा आपल्या सह्याद्रीच्या रानांतही गातो.

शेतकऱ्यास ह्याचा उपयोग काय? सुगरण कणसातील दाणे खाते हे खरे. परंतु पिलांस ती किडे भरविते. तेव्हा गोफण उचलण्यापूर्वी आपल्या शेतात कोणत्या महिन्यात ती काय नेते, हे मोजून लिहावे. मगच दोष द्यावा.

कुरुळीच्या शिवाराशेजारी आता कारखाने उभे आहेत. विहिरीवर वाकलेल्या बाभळी विरळ होत चालल्या. बाभूळ गेली की खोपा गेला, आणि तो सूरही. निदान आपल्या विहिरीवरील एक बाभूळ राखावी, आणि येत्या मृगापासून तिच्यावरील खोप्यांची वही घालावी, अशी वाचकांस आग्रहाची विनंती आहे.