विश्लेषण : हृदयधमनीच्या फुगवट्यावरील शस्त्रक्रियेत अन्ननलिकेतून ‘इको’ कशासाठी?

सोनोग्राफी म्हटले की घरोघरी आठवते ते गरोदरपण. त्याच ध्वनिलहरींनी हृदय पाहिले, की तो ‘टू-डी इको’. छातीवरून होणारा हा इको अनेकांना माहीत असतो. शस्त्रक्रिया चालू असताना अन्ननलिकेतून केला जाणारा इको फारसा माहीत नसतो.

फुगवटा म्हणजे काय?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी एखाद्या ठिकाणी शेजारच्या भागाच्या दीडपटीहून अधिक रुंदावली, की त्याला कोरोनरी ॲन्युरिझम म्हणतात. तिथे रक्त संथावते, गुठळी धरते आणि झटका येऊ शकतो. प्रौढांत धमनीकाठिण्य हे त्याचे नेहमीचे कारण. लहान मुलांत कावासाकी आजार. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये या आजाराच्या ५० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली.

शस्त्रक्रियेत इको काय दाखवतो?

प्रत्येक फुगवट्याला शस्त्रक्रिया लागत नाही. अनेकांचे रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांवर भागते. लागलीच, तर फुगलेला भाग बंद करून बायपास करतात. भूल दिल्यावर लवचीक नळी तोंडावाटे अन्ननलिकेत सोडतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असते. मध्ये बरगड्या किंवा फुप्फुस येत नसल्याने चित्र स्पष्ट मिळते आणि सर्जनच्या हाताला अडथळाही होत नाही.

खरी कसोटी बायपासनंतर असते. रक्त कमी पडले, की हृदयाच्या भिंतीचा तेवढा भाग मंद हलतो आणि हे बहुधा ईसीजीच्या आधी दिसते. नव्या रक्तवाहिनीला पीळ पडला असेल, तर छाती बंद करण्यापूर्वीच दुरुस्ती शक्य होते. मात्र धमनीचे दूरचे टोक या इकोत दिसत नाही. त्यासाठी अँजिओग्राफीच हवी. रुग्णाला गिळताना त्रास होत असेल, तर तो भूलतज्ज्ञांना आधीच सांगावा.

यवतमाळच्या पालकांसाठी काय महत्त्वाचे?

अशा शस्त्रक्रियेसाठी सहसा नागपूरसारखे शहर गाठावे लागते. यवतमाळहून ते सुमारे १५० किलोमीटर, उमरखेडहून त्याहून लांब. मुलांच्या बाबतीत ही वेळ बहुतेकदा टाळता येते. पाच दिवस न उतरणारा ताप, चिपडे नसलेले लाल डोळे, भेगाळलेले लाल ओठ, अंगावर पुरळ, सुजलेले हात-पाय ही लक्षणे गोवर समजून अंगावर काढू नयेत. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले, तर फुगवट्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या आसपास येतो. पहिला इको निर्दोष आला तरी तो एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी करावा लागतो. फुगवटा अनेकदा ताप उतरल्यानंतर दिसतो.