कॉलेजचा म्युझिक व्हिडिओ: कॅमेरा काढण्याआधी आणि नंतर
म्युझिक व्हिडिओ करायचा ठरला की कॉलेजातली मुलं आधी कॅमेरा शोधतात. खरं काम कागदावर सुरू होतं. मुखडा कुठे संपतो, अंतरा कधी लागतो, मधल्या संगीतावर काय दाखवायचं, हे सेकंदांसकट लिहून काढायचं. त्यापुढे जागा, माणसं, कपडे.

गाणं दुसऱ्याचं असेल तर परवानगी लागते. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. त्यापेक्षा वर्गातल्याच कुणाचं गाणं घ्यावं, असं माझं मत.

शूटिंगला गाणं स्पीकरवर लावून ओठ जुळवतात. हालचाल संथ, पण ओठ मात्र गाण्याबरोबर हवे असतील तर एक युक्ती आहे. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायिकेने त्याच घाईत गायचं आणि सेकंदाला ५० फ्रेम टिपायच्या. त्या २५च्या गतीने दाखवल्या की ओढणी तरंगते, ओठ अचूक बसतात. (सरावाशिवाय गेलात तर अर्धा वेळ हसण्यातच जाईल.)

पोस्टरसाठी व्हिडिओतली फ्रेम उचलू नका. फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८०, म्हणजे जेमतेम वीस लाख पिक्सेल. मोठी छापली की पुसट दिसते. त्याच उजेडात, त्याच कपड्यांत वेगळे फोटो काढा आणि चेहऱ्याभोवती भरपूर जागा सोडा, कारण गाण्याचं कव्हर चौरस लागतं आणि यूट्यूबचं थंबनेल आडवं. थंबनेलच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी दिसते. तिथे नाव लिहू नका.